गजराबाईचा नकट्या वाळवंटात

वाळवंटात डोंगर नसतात, म्हणून गजराबाई शेलार सायकल चालवायला राजस्थानात निघाली तेव्हा तिनं घरचाच डोंगर बरोबर घेतला.

डोंगराचं नाव नकट्या. वाघझरीच्या पश्चिमेला तो बसलेला असायचा. शेंड्याची एक बाजू ढासळलेली, म्हणून नकट्या. नवरा गेल्यावर, साठीला टेकताना, गजराबाई त्याच्याच उतारावर गियरची सायकल शिकली. दोन दात, एक मनगट आणि गावातली होती नव्हती ती अब्रू तिनं त्या उतारावर घालवली आणि त्यातलं काहीएक परत मागितलं नाही.

"या वयात बाईमाणसानं काशीला जावं," सरपंच म्हणाले.

"काशीला गंगा हाय, उतार न्हाई. मला वाळवंटात तंबू ठोकून राहायचंय, सायकल मारायचीय. तुमच्या डोळ्यांत का वाळू जाते?"

डोंगर नेण्याला सरपंचांची हरकत नव्हती. त्यांचं म्हणणं एवढंच, की गावाची जनावरं त्याच्यावर चरतात, तेव्हा दिवाळीच्या आत तो जागच्या जागी आणून बसवायचा. नाहीतर गजराबाईनं गावाला तोंड दाखवायचं नाही. गजराबाईनं म्हसोबाला कौल लावला. उजवं फूल पडलं. दसऱ्याचं सोनं वाटून झाल्यावर तिची सून वैजयंता हिनं पिकअप काढली, मागच्या कड्याला जाड दोराचा सोल बांधला आणि सोलाचं दुसरं टोक नकट्याच्या पायथ्याच्या कातळात अडकवलं. दसऱ्याला माणसं सीमोल्लंघन करतात. डोंगरानं करू नये असं कुठं लिहिलेलं नाही.

नकट्या बरा चालला. टोलनाक्यावर त्याला चाकं किती ते पाहिलं, एकही निघालं नाही, सोडून दिलं. सातपुड्यात मात्र त्याला आपल्यासारखे चारजण दिसले आणि तो रेंगाळला. गजराबाईनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

"ए मुडद्या! चल की! का मढं बसवू तुझं हितंच?"

"आले, आत्याबाई," वैजयंता म्हणाली. ती गाडी चालवत होती, येण्यासारखं कुठं नव्हतं. पण बारा वर्षं त्या घरात तिला याच सुरात हाक यायची, आणि तोंडाला लागलेलं वळण स्टिअरिंग धरल्यानं जात नाही. डोंगरानंही "हितंच" असा ओ दिला आणि निमूट चालू लागला.

वाळवंटात पोचल्यावर त्यांनी नकट्याच्या सावलीत तंबू ठोकला. त्याच्याच अंगावरचे तीन धोंडे मांडून चूल केली, भाकऱ्या भाजल्या. सकाळी गजराबाईनं सायकलच्या साखळीला तेल दिलं, हवा बघितली, पदर खोचला. ती चढायला लागणार तोच जीप आली.

जीपमधून धोरा खात्याचा निरीक्षक उतरला. वाळूच्या टेकाडाला तिकडं धोरा म्हणतात, आणि धोऱ्यांचं सगळं हे खातं पाहतं. साहेबाचं नाव जेठाराम. साहेब हिंदीत बोलत होता, गजराबाई मराठीत. भांडणाला तेवढं पुरतं.

"हे काय आहे?" साहेबानं विचारलं.

"दिसतंय ते. डोंगर."

"डोंगर जागचा हलत नाही. हलतो तो धोरा. काल इथं हे नव्हतं. कसं आलं?"

"चालत," वैजयंता म्हणाली, आणि म्हणाल्यावर तिनं जीभ चावली.

"चालत आला. म्हणजे धोरा. वाळवंटातला प्रत्येक धोरा खात्याच्या ताब्यात असतो. उद्यापासून हा पश्चिमेच्या वाऱ्याखाली कामाला लागेल."

"कसलं काम?"

"बारीक होण्याचं."

गजराबाईनं नकट्याकडं पाहिलं. त्याच्या अंगावर अजून करवंदीच्या जाळ्या होत्या, आणि वाघझरीहून नकळत आलेली कुणाची तरी एक शेळी होती.

"अहो, दगड हाय त्यो! हात लावून बघा."

"वाळू होण्याआधी सगळे दगडच असतात, बाई. हा नवीन भरती आहे, एवढंच."

आता माणूस मूर्ख असता तर गजराबाईनं त्याला दोन शब्दांत गुंडाळला असता. पण साहेब नियमानं बोलत होता, आणि नियमानं बोलणाऱ्याला नियमानंच धरावं लागतं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"डोंगराला हाक मारली की डोंगर ओ देतो. तुमचा धोरा देतो का?"

साहेबानं जीपमधून नियमांचं पुस्तक काढून चाळलं. माणूस सरकारी असला तरी खोटा नव्हता. "नियमात तसं आहे खरं. उत्तर देतो तो डोंगर. पण तपासणी माझ्यासमोर व्हायला हवी. आणि हाक सभ्य भाषेत मारायची. हे सरकारी काम आहे."

गजराबाईनं घसा साफ केला.

"नकटेराव! अहो नकटेराव! ऐकताय ना?"

वारासुद्धा थांबून ऐकत होता. नकट्या बोलला नाही.

"नकटेराव, कृपा करून ओ द्या."

काही नाही. नकट्यावरची शेळी तेवढी साहेबाकडं बघत रवंथ करत होती.  दिवाळीला गावात शिरताना मागं रिकामा सोल ओढत नेणं गजराबाईच्या डोळ्यांसमोर आलं. मनगट मोडलं तेव्हा तिला असं झालं नव्हतं.

"धोरा," साहेब म्हणाला. "सोल सोडा."

"आत्याबाई," वैजयंता हळूच म्हणाली, "तो कुणा नकटेरावाला ओळखत न्हाई. तुमच्या नेहमीच्या तोंडानं मारा की हाक."

"परक्या माणसांत?"

"मला मारता की हाक, पाहुण्यांत."

गजराबाईनं सुनेकडं एकदा पाहिलं.  तिनं सायकल आडवी टाकली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि बेंबीच्या देठापासून ओरडली.

"ए नकट्या! मुडद्या, खाल्लेलं अंगावर आलं व्हय तुझ्या? हाय का मेलास?"

"आले, आत्याबाई!" वैजयंता म्हणाली.

"...हाय का मेलास?" नकट्या म्हणाला.

साहेबानं टोपी सारखी केली. "उत्तर आलं. पण आवाज तुमचाच होता."

"मग कुणाचा असणार? डोंगर कुणाचा हाय?" गजराबाई आता पेटली होती. "आता तुम्ही मारा हाक. त्यो पलीकडला तुमचाच ना?"

"माझाच. अठरा वर्षं माझ्याकडं आहे." साहेब पलीकडच्या धोऱ्याकडं वळला. "धोरा क्रमांक एकेचाळीस!"

वाळूनं आवाज पिऊन टाकला. साहेबानं पुन्हा हाक मारली, या वेळी जरा हळू. मग त्यानं हाक मारायचं सोडलं.

"आकड्यानं बोलावलं तर कोण ओ देईल?" गजराबाई म्हणाली. "कधी एक शिवी दिलीत का बिचाऱ्याला?"

"खात्याची तशी पद्धत नाही." साहेबानं बूट झटकले. "हा डोंगर आहे, मान्य. मग डोंगराला वाळवंटात मुक्काम करायची मनाई आहे. सूर्य मावळायच्या आत बाहेर व्हा."

"मी अजून एकदाबी उतरले न्हाई त्याच्यावरनं!"

"मावळायच्या आत," साहेब म्हणाला आणि जीपला टेकून उभा राहिला.

गजराबाईनं सायकल उचलली आणि चढायला लागली. घाई केली नाही. थांबून करवंदीच्या जाळ्या बघितल्या, शेळीला पाणी पाजलं. खाली सावल्या लांबल्या, साहेबाच्या बुटांवरचं ऊन गेलं, जीपच्या टपावरचं गेलं.

"मावळला!" साहेब खालून ओरडला.

"हितं वर अजून हाय!" गजराबाई वरून ओरडली. नकट्यानंही सांगितलं, अजून हाय.

मग ती निघाली. खोचलेला पदर सुटून पाठीमागं ताठ, चाकाखालून धोंडे उडताहेत, शेळी बाजूला पळतेय, आणि तोंडानं अशी काही भाषा, की त्या वाळवंटात ती आधी कुणी ऐकली नव्हती. प्रत्येक शिवी नकट्यानं जशीच्या तशी परत केली. साहेबाच्या पुढ्यात येऊन तिनं असा ब्रेक मारला, की त्याचे दोन्ही बूट वाळूनं भरले.

"आता मावळला," ती धापा टाकत म्हणाली. "मावळायच्या आत जायचं राहूनच गेलं. आता उद्या, मावळायच्या आत."

साहेबानं विचार केला. त्यानं हुकूम दिला होता, पण तारीख घातली नव्हती. त्यानं बूट काढून वाळू ओतली आणि वैजयंतानं दिलेली भाकरी उभ्यानं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी गजराबाई आणखी पोटभर उतरली आणि मगच त्यांनी तंबू गुंडाळला. चुलीचे धोंडे नकट्याला परत केले. पिकअप निघाली, मागं सोल, सोलामागं नकट्या, आणि गजराबाई सायकलवर सगळ्यांच्या मागं. वाळवंटाच्या कडेला साहेब निरोपाला उभा होता. तिच्याही मागं त्याला काहीतरी दिसलं आणि त्याचा हात वर झाला.

"थांबा! हा एकेचाळीस आहे!"

गजराबाई उतरली आणि तिनं मागं वळून बघितलं. धोरा क्रमांक एकेचाळीस नकट्याच्या वाटेनं चालत आला होता आणि आता जरा संकोचून उभा होता.

"मी बांधला न्हाई त्याला," ती म्हणाली.

"तो सरकारी आहे."

"मग मारा हाक. फिरला मागं, तर घेऊन जा."

साहेबानं तोंड उघडलं. आकडा ओठांवर आला आणि तिथंच राहिला. दुसरं काही त्याच्यापाशी नव्हतं. धोरा वाट बघत होता. गजराबाईही बघत होती.

पुढं पिकअपचं दार उघडलं आणि वैजयंता फूटबोर्डवर उभी राहिली. दिवाळी तोंडावर आली होती, सातपुडा ओलांडायचा होता. तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले.

"ए मुडद्यांनो! यायचं का मढं बसवू हितंच? चला की!"

"...चला की!" नकट्या म्हणाला.

धोरा चालू लागला. "आले, आले," गजराबाई म्हणाली आणि घाईघाईनं सायकलवर बसली. साहेबही चार पावलं चालला, मग थांबला.