गुलछडी आणि जिल्ह्याचं झाड

लातूर जिल्हा झाला तेव्हा ईश्वरप्पाला बढती मिळाली नाही, पण मिळाल्यासारखं वाटायला मात्र लागलं. कालपर्यंत तो तालुक्याच्या गावातला कारकून होता, आज जिल्ह्याच्या गावातला झाला. खुर्ची तीच, तिचा डुगडुगणारा पायही तोच (पायाखाली घडी करून सारलेला कागदसुद्धा तोच), फक्त कचेरीवरची पाटी बदलली. आता पाटी बदलली म्हणजे आपलं अंगणही बदललं पाहिजे, असं त्यानं एका संध्याकाळी चहा पिता पिता ठरवलं. पुढचा सगळा घोळ त्या चहातून झाला.

अंगण म्हणजे तरी काय? भाड्याच्या घरापुढं एक बाज टाकता येईल एवढी माती. तिच्या कोपऱ्यात महानंदानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, निलंग्याहून माहेरची गुलछडी आणून लावली होती. ही गुलछडी फार गुणी. एकदा लावली की वर्षानुवर्षं आपली आपण येत राहायची. पांढरी शुभ्र, एकेरी पाकळ्यांची फुलं, आणि दिवेलागणीला असा वास सुटायचा की रस्त्यानं जाणारा माणूस उगाच चाल मंद करायचा. सकाळच्या लिंगपूजेला महानंदा तीच फुलं घ्यायची.

ईश्वरप्पाला मात्र नीलमोहर पाहिजे होता. मोठ्या साहेबांच्या बंगल्यापुढं होता, म्हणून.

"झाड कसं, लांबून दिसलं पाहिजे," तो म्हणाला. "तुझी गुलछडी खाली बसल्याशिवाय दिसत न्हाई."

"वास येतो की लांबून."

"वासाला काय करायचं? साहेब जीपमधून जातात. जीपमध्ये डिझेलचा वास येतो."

"आन् तुमचा नीलमोहर फुलंल कवा?"

"फुलंल की. पाच-सात वर्षांत."

"तवर साहेबांची बदली होईल."

(हा मुद्दा ईश्वरप्पाच्या ध्यानातच आला नव्हता. पण ध्यानात न आलेल्या मुद्द्यावर जोरात बोलायची त्याला कचेरीत सवय लागली होती.) "बदली झाली तरी दुसरे साहेब येतात ना!" तो गरजला आणि चर्चा संपली.

कुठल्याशा वृक्षारोपणाच्या कार्यक्रमातून उरलेली रोपं घेऊन एक टेम्पो परत चालला होता. ईश्वरप्पानं हात करून तो थांबवला आणि विचारलं, "नीलमोहर हाय का?" टेम्पोवाल्यानं मागं न बघताच "हाव, हाय," म्हणून एक रोप काढून दिलं. बारीक बारीक नाजूक पानं, अगदी बंगल्यातल्यासारखी. ईश्वरप्पा ते छातीशी धरून घरी आला.

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. उन्हाळा लागला तसा नळ आठवड्यातून एकदा खोकायला लागला. त्या खोकल्यातून जे पडेल त्यात स्वयंपाक, आंघोळ आणि धुणंभांडी. उरायचं ते भांड्यांचं राखाळलेलं बादलीभर पाणी. ते महानंदानं सरळ वाटून टाकलं, अर्धं गुलछडीला, अर्धं झाडाला. ईश्वरप्पाला ही वाटणी पटली नव्हती. झाड वाढीला लागलं होतं, आणि वाढत्या जिवाला जास्त लागतं, हे काय सांगायला पाहिजे? शिवाय तो घमेल्यात बसून आंघोळ करायचा आणि ते पाणी स्वतः झाडाला नेऊन घालायचा. साबण त्यानं झाडासाठी सोडला होता. (कचेरीतल्या लोकांनी हे ताडलं होतं, पण कारण त्यांना माहीत नव्हतं.)

तेवढ्यात निलंग्याहून निरोप आला की महानंदाच्या आईनं, कमलम्मानं, अंथरूण धरलंय. महानंदा लगबगीनं निघाली. बसमध्ये चढताना तिनं नवऱ्याला सांगितलं, "जेवायचं बघा. आन् गुलछडीला पानी घाला."

"तू निर्धास्त जा," ईश्वरप्पा म्हणाला.

आणि दुसऱ्या दिवसापासून सगळी बादली झाडाला.

त्याच्या मनात पाप नव्हतं. रोज सकाळी तो अर्धं पाणी गुलछडीसाठीच काढून ठेवायचा. पण झाडाची पानं दुपारी मिटायला लागली की त्याला गलबलून यायचं, आणि ते अर्धंही तिकडंच जायचं. झाड सरसरून वाढलं. साहेबांच्या नीलमोहराला एवढी उंची गाठायला किती वर्षं लागली असतील, असा विचार करून तो खूश व्हायचा. इकडं गुलछडी पिवळी पडली, मग तपकिरी झाली आणि एके दिवशी मातीवर आडवी झाली.

ईश्वरप्पानं घाईघाईनं खुरपं घातलं. खालून सुरकुतलेले, मातकट कांदे निघाले. दाबून पाहिले, हुंगून पाहिले. मेलेत, असा त्यानं निकाल दिला आणि सगळे गोळा करून कोपऱ्यावरच्या उकिरड्यावर टाकून आला. तो उकिरडा नगरपालिकेच्या ट्रॅक्टरनं दुसऱ्या दिवशी उचलून नेला. (बाकी वेळी तो ट्रॅक्टर महिना महिना फिरकायचा नाही.)

त्याच आठवड्यात निलंग्याच्या बसचा ओळखीचा कंडक्टर दारात येऊन सांगून गेला, "उद्या वहिनी येनार हायत. संगं म्हातारी बी हाय, दवाखान्यात दाखवायला."

खरं सांगून टाकायची ही वेळ होती. पण ईश्वरप्पा उठला तो थेट गंजगोलाईच्या बाजारात गेला. तिथं फुलवाल्याकडं सोलापूरहून आलेल्या गुलछडीच्या छड्या होत्या.

"हार का गुच्छ?" फुलवाल्यानं विचारलं.

"नुसत्या द्या. उभ्या राहतील अशा."

पहाटे उठून त्यानं माती ओली केली आणि एकेक छडी नीट अंतरानं रोवली. लांबून पाहिलं. स्वतःलाच भरून आलं.

रिक्षातून कमलम्मा उतरली ती लेकीच्या खांद्यावर भार टाकून. घरात जायच्या आधी तिची नजर कोपऱ्याकडं गेली आणि ती जागच्या जागी थांबली.

"माझी गुलछडी गं! ह्या उन्हात फुलली?"

महानंदानं नवऱ्याकडं असं पाहिलं, जसं लग्नानंतर फारसं पाहिलं नव्हतं. ईश्वरप्पानं मान खाली घातली. तिला तो विनय वाटला.

"आमची तर समदी गेली बघा, जावईबापू," कमलम्मा मातीपाशी टेकत म्हणाली. "हीर आटली. प्यायला पानी न्हाई, फुलाला कुठलं? म्या मनाला म्हनलं, जाऊ दे, लातूरला हाय, जिल्ह्याच्या गावाला. तिथं जगंल."

खरं सांगायची वेळ अजून गेलेली नव्हती. पण म्हातारीचा चेहरा इतका उजळला होता की ईश्वरप्पाला वाटलं, निदान चहा होऊ द्यावा.

चहा होईपर्यंत ऊन चढलं. छड्यांनी माना टाकायला सुरुवात केली. ईश्वरप्पा दोनदा तांब्या घेऊन बाहेर जाऊन आला. तिसऱ्यांदा गेला तर म्हातारी खुरपं घेऊन तिथं बसलेली.

"एक कांदा काढून नेते," ती म्हणाली. "तिकडं बी असावा."

"मामी, आत्ता नको, ऊन..."

खुरप्याची गरजच पडली नाही. छडी हात लागताच सुटून आली. खाली ना कांदा, ना मूळ. तिरपा छाटलेला दांडा, आणि त्याला फुलवाल्याचा दोरा तसाच गुंडाळलेला. महानंदा दारात उभी होती. तिनंही पाहिलं.

"मरून गेली होती," ईश्वरप्पा पुटपुटला. "मी... तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

"मरंल कशी?" कमलम्मा म्हणाली. "पानी न्हाई मिळालं की ती वरून वाळती. कांदा खाली निजलेला असतो. पाऊस पडला की उठती. कांदे कुठं हायत?"

"टाकले."

महानंदा आत गेली आणि भांडी घासायला बसली. ती रडली असती, ओरडली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. आतून नुसता भांड्यांचा आवाज येत राहिला.

काहीतरी बोलायचं म्हणून तो सासूला म्हणाला, "पण हे झाड बघा मामी, कसं आलंय. नीलमोहर."

कमलम्मानं फांदी ओढून पाला बोटांत चोळला. "ह्यो? ही सुबाभूळ हाय की. आमच्याकडं बांधाबांधानं लावलीय सरकारनं." आणि त्याचा चेहरा पाहून ती घाईनं म्हणाली, "चांगली असती, जावईबापू. शेळ्या लई खातात."

औषधानं म्हातारीला उतार पडला आणि ती निलंग्याला परत गेली. दुसऱ्या दिवशी भांड्यांचं पाणी महानंदानं सगळं सुबाभळीला घातलं. "अर्धं ठेव की," ईश्वरप्पा म्हणाला. "कशासाठी?" तिनं विचारलं. तिनं टोमणा मारला नव्हता, सरळ विचारलं होतं.

मग तो गुलछडीच्या शोधात निघाला. निलंग्याला सासुरवाडीच्या भाऊबंदांकडं विचारलं, अहमदपूरला विचारलं, औशात विचारलं. दुष्काळानं सगळ्यांच्या बागा झोपवल्या होत्या. शेवटी पाऊस पडल्यावर नांदेडला एका रोपवाटिकेत कांदे मिळाले. ते धोतराच्या फडक्यात बांधून, मांडीवर ठेवून, त्यानं एस.टी.तून आणले. शेजारी बसलेल्या बाईनं दोनदा विचारलं, तान्हं किती महिन्यांचं हाय?

लावले, उगवले, पण त्या वर्षी फुलले नाहीत. संक्रांतीच्या सुमारास कमलम्मा गेली.

पुढच्या पावसाळ्यात पहिली छडी आली. चांगली भरगच्च, पाकळ्यांवर पाकळ्या, माहेरच्या गुलछडीपेक्षा दुप्पट दिसायला. ईश्वरप्पानं त्या संध्याकाळी आंघोळ केली, साबण लावून केली, डोक्याला तेल थापलं, स्वच्छ सदरा घातला आणि महानंदाला हाताला धरून कोपऱ्यात नेलं. ती वाकली. डोळे मिटून तिनं लांब श्वास घेतला. मग आणखी एक घेतला. तोही तिच्या शेजारी वाकून, श्वास रोखून उभा राहिला. सगळ्या वर्षाचा निकाल आता लागणार होता.

"येतोय का वास?" त्यानं हळूच विचारलं.

"येतोय की," डोळे न उघडता महानंदा म्हणाली. "जरा लांब सरका. तुमच्या चमेलीच्या तेलाचा हाय."