ढिल्या हाताचे चांदचाचा

आमच्या फाट्यावर चांदचाचांच्या दुकानासमोर फक्त प्यालेल्या माणसाचीच गाडी पंक्चर होते. हे कुणाला खरं वाटणार नाही. पण मी समोरच राहते. चुलीपुढच्या खिडकीतून त्यांचं दुकान दिसतं आणि लग्न होऊन आल्यापासून भाकरी थापता थापता मी तेच पाहत आले आहे.

दुकान म्हणजे चार पत्रे, एक बाकडं, एक बाज, हवेचा पंप आणि पाण्यानं भरलेलं घमेलं. औंढ्याच्या रस्त्याला देशी दारूचं दुकान आहे. तिथून निघालेला माणूस आमच्या फाट्यावर चहाला नाहीतर तंबाखूला थांबतोच. त्यानं गाडी उभी केली की चाचा उठतात. बाजारात बैल पाहावा तशी गाडीभोवती एक फेरी मारतात, मागच्या चाकाशी बसतात आणि टायरवरून हात फिरवतात. मग फुस्स असा आवाज येतो.

"पाव्हणे," चाचा अगदी दुःखानं म्हणतात, "हवा गेली की वो."

ती गेलेली नसते, चाचांनीच काढलेली असते. चाकातली हवा अडवणारी वॉलची बारीक पिन तोवर त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पोचलेली असते.

"आत्ताच तर भरली व्हती चाचा."

"हवेचं काय सांगावं. बसा. तकलीफ घेऊ नका, चहा सांगतो."

मग ते चाक खोलतात, ट्यूब बाहेर काढतात आणि घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधत बसतात. धड ट्यूबला बुडबुडे कुठून येणार? चाचा ट्यूब फिरवत राहतात. "हाय कुठंतरी. लपून बसलंय." पाहुणा चिडतो, चहा पितो, पुन्हा चिडतो आणि शेवटी बाकड्यावर आडवा होतो. तो उठला की चाचा त्याच्या हातावर वॉलचं टोपण ठेवतात. हरभऱ्याएवढं असतं ते. "लावा बरं एवढं, माझी नजर कमजोर हाय." पहिल्या झटक्यात टोपण बसलं तर गाडी मिळते. हात थरथरला, टोपण मातीत पडलं, की चाचांना दुसरं पंक्चर सापडतं.

आणि नजर कमजोर म्हणावी तर हाच माणूस लांबून येणाऱ्या एसटीची पाटी वाचून मला हाक देतो, "सूनबाई, हट्टा न्हाई ही, कळमनुरी हाय. बसा निवांत." माझे सासरे त्यांचे दोस्त होते, म्हणून मी त्यांची सूनबाई. मी पदर सावरून नुसती मान हलवायची. इतक्या वर्षांत आमचं बोलणं तेवढंच.

मध्यंतरी बिनट्यूबचे टायर आले तेव्हा चाचा आठवडाभर उदास होते. बुडवायचं काय? मग एके दिवशी त्यांनी अख्खं चाकच घमेल्यात उभं केलं आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, "ट्यूबलेसला तर लई टाइम लागतो." त्या दिवशी त्यांनी मजेत दोन कप चहा जास्त घेतला.

यात मला नवल वाटायचं ते एकाच गोष्टीचं. चाचांच्या तोंडून दारू हा शब्द कधी आला नाही. आमच्याकडं प्यालेल्या माणसाला गाडी चालवू नको म्हणणं म्हणजे त्याचा अपमान. उलट कौतुक होतं. "कितीबी घेऊ द्या, गाडी सुतात चालवतो." "त्याच्या गाडीलाच घर ठावं हाय." शहाणीसुरती माणसं असं बोलतात आणि हात हलवून निरोप देतात. चाचा कुणाला शहाणपण शिकवत नाहीत. पंक्चरमध्ये कुणाचा अपमान होत नाही. मात्र त्यामुळं त्यांचं नाव अख्ख्या तालुक्यात ढिला मिस्त्री म्हणून झालं. हुशार गिऱ्हाईक गाडी ढकलत पुढच्या गावी नेतं. एकदा दवाखान्याच्या नर्सबाईंची स्कूटी खरोखर पंक्चर झाली. तेव्हा माझ्या तव्यावरची एक भाकरी फुगेपर्यंत चाचांनी ती लावून दिली. मी भाकरी उतरवायची विसरले.

गेल्या अधिक महिन्यात आम्ही जावयांना धोंड्याला बोलावलं. लेक रेणुका, जावई संतोषराव आणि सात महिन्यांची नात मोटारसायकलवर आली. जावयाचा मान म्हणून आमच्या मालकांनी सगळं आणलं. अधिक महिना, म्हणून मटण नव्हतं. बाटलीबद्दल मात्र पोथीत कुणी पाहिलं नव्हतं.

"एवढ्यानं काय व्हतंय, घ्या," मालक म्हणायचे.

"बस मामा, बस," म्हणत जावई पेला पुढं करायचे.

मी आतून पुरणाचे धोंडे आणि तूप वाढत होते. दुपार कलली तसे जावई उठले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी पाहुणे येणार होते. उंबऱ्यावर त्यांचा तोल गेला, मालकांनी हसून सावरलं. रेणुकानं लेकराला दुपट्यात गुंडाळलं आणि माझ्याकडं पाहिलं. बोलायला हवं होतं मी. पण सासूनं जावयाला चारचौघांत काय म्हणावं? मालकांना खुणावलं, तर ते हळूच म्हणाले, "गप. पाव्हण्याचं मन मोडतं."

मी ताटात चार धोंडे घेतले, पदर डोक्यावर ओढला आणि रस्ता ओलांडला. चाचांनी ताट घेतलं. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "चाचा, जावई निघून राहिले."

त्यांनी आमच्या दाराकडं पाहिलं. "लेकरू?"

"रेणीच्या मांडीवर."

त्यांनी ताट झाकून ठेवलं, हात पुसले आणि चालू लागले. आमच्या दारात गाडीभोवती फेरी मारली, खाली बसले. फुस्स.

"चाचा, आज नका," मालक ओरडले. "घाई हाय पाव्हण्याला."

"मंग काय बसक्या चाकावर जातील? पाव्हणे, चला, पाच मिनिटाचं काम हाय."

गाडी ढकलत समोर नेली. चाक निघालं, ट्यूब घमेल्यात गेली. चाचांनी जावयांनाच समोर बसवलं. "तुमची नजर तरणी हाय. बुडबुडा दिसला की सांगा." जावई घमेल्यात पाहत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "न्हाई दिसून राहिला." आणखी थोड्या वेळानं त्यांची मान छातीवर आली. चाचांनी त्यांना बाजेवर निजवलं आणि वर आपली चादर पांघरली. दिवस मावळताना जावई उठले, तेव्हा टोपण तीनदा मातीत पडलं.

"सोल्युशन ओलं हाय," चाचा म्हणाले. "सकाळपर्यंत वाळू द्यावं लागंल."

"असला ढिला मिस्त्री जिल्ह्यात न्हाई," जावई म्हणाले. मालकांनीही री ओढली.

"व्हय," चाचा म्हणाले. "बराबर हाय."

सकाळी टोपण पहिल्या झटक्यात बसलं. जावयांनी गाडी हळू काढली. नात मागं पाहून हसत होती.

मी ताट आणायला गेले. ते घासूनपुसून ठेवलेलं होतं, त्यात मूठभर चिंचा होत्या. चाचा रस्त्याकडं पाहत होते. गाडी दिसेनाशी झाली तरी पाहत होते.

"पयले माझा हात असा न्हवता, सूनबाई," ते म्हणाले. "माझ्यावानी जल्द पंक्चर लावणारा औंढ्यापस्तोर न्हवता. माझ्या बहिणीचा नवरा असाच आलता. वास येऊन राहिला व्हता. पण दाजी माणूस, काय म्हणावं? घाई करून राहिले व्हते. मी आपला हात दाखवला, चुटकीत पंक्चर लावून दिलं. दाजीनं पाठ थोपटली. म्हणले, चांद, तुझ्यावानी हात न्हाई कोणाचा."

मला वाटलं आणखी काही सांगतील. त्यांनी फक्त घमेल्यातलं जुनं पाणी रस्त्यावर ओतलं आणि म्हणाले, "पुलापस्तोरच गेले."

बहीण पुढं त्यांच्याच घरी राहिली, हे मला ठाऊक होतं. तिचं कफन त्यांनीच आणलं, हेही. बाकीचं त्या सकाळी कळलं.

चार दिवसांनी दुपारी एक अनोळखी माणूस फाट्यावर थांबला. डोळे लाल होते, मागं बायको बसलेली. फुस्स आवाज आला. ट्यूब घमेल्यात गेली. माणूस तापला. "हा कसला मिस्त्री? कुठवर बसायचं? पुढच्या गावाला नेतो मी गाडी."

तो खरोखर चाक उचलू लागला. चाचा ट्यूब फिरवत राहिले. अनोळखी माणसाशी मी जन्मात कधी बोलले नव्हते. पण मी दारात आले आणि इकडूनच म्हणाले, "बसा दादा. पुढं दुकान बंद हाय आज. चाचाचा हात ढिला हाय, पण काम पक्कं असतंय. मी चहा आणून राहिले."

तो बसला. चाचांनी मान वर केली नाही. घमेल्यात फिरणारी ट्यूब मात्र जराशी थांबली, आणि मग पुन्हा, अगदी सावकाश, फिरू लागली.