महादू दुसरा आला

सायकलवर बसलेली माणसं मी पुष्कळ पाहिली होती. माणसाच्या डोक्यावर बसलेली सायकल मात्र मोशीला इंद्रायणीच्या उतारावर पहिल्यांदा पाहिली. छातीएवढ्या पाण्यातून ती डौलात अलीकडे आली आणि तिच्याखालून महादू निघाला.

"अहो, वाहून गेला असता!" मी ओरडलो.

"मी भिजलो तर वाळतो," महादू म्हणाला. "ती भिजली तर गंजती."

स्वातंत्र्य नवं होतं आणि पिंपरीला कारखान्याचं बांधकाम चाललं होतं. महादू तिथं वाळू वाहायचा, मी हजेरी घ्यायचो. महायुद्धात तो पार इटलीपर्यंत जाऊन आला होता. "फौजेत असं न्हाई चालत," हे त्याचं पालुपद. दुपारी जेवायला बसलो की तो कच्ची अंडी फोडून घशात ओतायचा आणि शेजारी बसलेल्या माळकऱ्यांचा घास हातातच राहायचा.

पण खरा हादरा बसला कारखान्याचा भोंगा पहिल्यांदा वाजला त्या दिवशी. महादूनं डोक्यावरचं घमेलं फेकलं, पांढऱ्याशुभ्र कपड्यातल्या मुकादमसाहेबांना मिठी मारली आणि "तोंड खाली!" म्हणून त्यांना घेऊन चिखलात आडवा झाला. आम्ही सगळे दगडासारखे उभे. भोंगा थांबल्यावर महादू उठला आणि कडक सलाम ठोकून म्हणाला, "धोका टळला, साब!"

मुकादम बराच वेळ काही बोलले नाहीत. तोंडात चिखल होता.

त्याच वर्षी, उन्हाळ्यात नदीचं पाणी घोट्याएवढं उरलं तेव्हा, खेड ते पिंपरी सायकलींची शर्यत लागली. पुण्याची पोरं चकचकीत सायकली घेऊन आली होती. महादूच्या सायकलला मडगार्डसुद्धा नव्हतं. चाकण मागं पडलं, मोशी मागं पडली, आणि पिंपरीला धुळीच्या लोटातून पहिला बाहेर आला तो महादू! माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. हार पडले, कप मिळाला. आता गावात मिरवणूक, असं मी धरून चाललो होतो.

"बस मागं," तो म्हणाला. "खडकीला जायचंय."

खडकीला लष्कराच्या एका संस्थेत, लढाईत जायबंदी झालेले जवान राहत. फाटकाशी महादूनं गळ्यातला हार काढून खिशात कोंबला आणि कप माझ्या पिशवीत घातला. "आत काढू नगंस."

झाडाखाली चाकाच्या खुर्चीत एकजण बसला होता. दोन्ही पाय गुडघ्यापासून नव्हते. हा रामा. फौजेत येण्याआधी शर्यती मारणारा, आणि पलटणीत महादूला सायकल शिकवणाराही तोच.

"कितवा आलास रं?"

"दुसरा," महादू म्हणाला.

मी कपाची पिशवी पाठीमागं धरली.

"वाटलंच मला!" रामा खुर्चीतून जवळजवळ उसळलाच. "चाकणच्या पुढं उतार लागला, तिथं ब्रेक दाबलास! व्हय का न्हाई?"

"दाबला."

"गाढवा, कितीदा सांगितलं..." आणि मग रामा सुटलाच. हात हवेत वळवत, वाकून, कोपरं काढून तो शर्यत शिकवू लागला. चेहरा लाल झाला होता. महादू सावधान उभा राहून ऐकत होता.

बाहेर आल्यावर मी त्याला धरलाच. "अरे, पहिला आलास की तू! खोटं का बोललास?"

महादूनं सायकलचं सीट हातानं पुसलं.

"पहिला आलो म्हनलो, तर त्याला शिकवायला काय उरतंय?" तो म्हणाला. "पुढच्या रविवारी बोलावलंय त्यानं. उतार कसा मारायचा, ते शिकवनार हाय."