मधून कापलेली गादी

"गादी म्हणजे काय मोठी! खाली कडक थर, वर मऊ थर, त्यावर खोळ. झालं! त्यासाठी तयार गादी कशाला आणायची?"

असं चष्मेवाले आरशाला म्हणाले. आरशालाच, कारण बायकोला सांगायचं नव्हतं. तिला चकित करायचं होतं. आणि नवऱ्याने बायकोला चकित करायचं ठरवलं की शेवटी चकित कोण होतं, हे लग्न झालेल्यांना मी सांगायला नको!

चष्मेवाले म्हणजे बाजारातल्या चष्म्यांच्या दुकानाचे मालक. दिवसभर लोकांच्या नाकावर डोळे तपासायची ती जड फ्रेम चढवायची, एकेक काच बदलायची आणि विचारायचं, "आधीचं बरं की आत्ताचं?" हा प्रश्न त्यांच्या जिभेला असा चिकटला होता की घरी चहाचा दुसरा कप हातात आला, तरी तोंडातून तोच बाहेर पडायचा. बायकोचं केस कापायचं पार्लर. ती दिवसभर उभी. संध्याकाळी घरी आली की कमरेवर हात ठेवून अशी थांबायची, जणू हात काढला तर वरचा मजला खाली येईल!

त्यात घरातली जुनी गादी. ती मधोमध इतकी खचली होती की दोघं दोन टोकांना झोपली तरी सकाळी खड्ड्यात एकमेकांच्या अंगावर सापडायची. चष्मेवाल्यांची या खड्ड्याबद्दल तशी काही तक्रार नव्हती. पण बायकोची कंबर दुखायची आणि ती उठताना "आई गं" म्हणायची. तो "आई गं" रोज सकाळी चष्मेवाल्यांच्या काळजात जाऊन बसायचा.

तर एके दुपारी दुकान बंद ठेवून स्वारी फोमवाल्याकडे गेली. तिथे फोमचे ढीग छताला टेकलेले. चष्मेवाल्यांनी एकेक ढीग बोटाने दाबायला सुरुवात केली.

"साहेब, बोटाने काय कळणार? झोपायचंय का बोटावर?" फोमवाला म्हणाला. "आडवे व्हा!"

चष्मेवाले बूट काढून आडवे झाले. रस्त्यावरून पूर्ण दिसतील असे. आधी तुकडे दाबून केलेला कडक फोम, मग मधला, मग मेमरी फोम. हा शेवटचा भलताच प्रेमळ निघाला. अंग टेकलं की आत घ्यायचा आणि सोडायचाच नाही. चष्मेवाले त्यात बुडाले ते नाकापर्यंत! फोमवाल्याने हात देऊन बाहेर काढलं.

"वरून एक लेटेक्सचा टॉपर, हा रबरी पातळ थर, टाका," फोमवाला म्हणाला, "म्हणजे बुडणार नाही, तरंगाल."

स्वतःपुरतं ठरलं. पण बायकोला काय हवं? चष्मेवाल्यांनी चौकोनी नमुने घरी आणले, जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर एक ठेवला आणि हाक मारली.

"जरा बस गं इथे. बसलीस? आता ऊठ. आता यावर बस. आधीचं बरं की आत्ताचं?"

"अहो, हे काय चाललंय? मला भांडी घासायची आहेत!"

"भांडी कुठे पळत नाहीत. आधीचं की आत्ताचं?"

"आधीचं! मला कडकच बरं वाटतं. तुमच्यासारखं लोण्यात लोळायला नाही आवडत मला!" असं म्हणून ती गेली. तिला वाटलं, खुर्च्यांसाठी उशा घ्यायच्या असतील.

झाली पंचाईत! यांना मऊ हवं, तिला कडक हवं, आणि पलंग एकच! चष्मेवाले रात्रभर कूस बदलत राहिले आणि सकाळी त्यांना तोड सापडली. दुकानात जायच्या आधी त्यांनी फोमवाल्याला गाठलं.

"आमचं दोघांचं काही जमत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "मधून कापून टाका. तिचं वेगळं, माझं वेगळं. आणि हे बघा, तिला यातलं काहीच माहीत नाही. कुठे बोलू नका!"

फोमवाला खरंच कुठे बोलला नाही. फक्त बायकोजवळ बोलला. आणि फोमवाल्याची बायको केस कापायला कुठे जायची? बरोबर!

पुढचं चष्मेवाल्यांना नंतर कळलं. फोमवालीण ओल्या केसांनी खुर्चीत बसली होती. तिने आरशातून चष्मेवालीकडे मोठ्या मायेने पाहिलं आणि म्हणाली, "मन घट्ट करा हो. पुरुषांचं असंच असतं. पण निदान तुमच्या कानावर तरी घालायला हवं होतं. परस्पर गादी कापायची म्हणजे काय!"

"कसली गादी?"

"तुमची! अर्धी तुमची, अर्धी त्यांची. आमच्याकडे टाकलंय ना काम. म्हणाले, आमचं जमत नाही, तिचं वेगळं, माझं वेगळं!"

कच्!

फोमवालिणीच्या कपाळावरच्या बटा एकदम भुवयांपासून कपाळाच्या मध्यावर गेल्या. तीही बिचारी चकित झाली!

त्या दिवसापासून घरात शांतता पसरली. बायको विचारलं तेवढं बोलायची आणि नवऱ्याकडे टक लावून बघायची. चष्मेवाल्यांना वाटलं, कंबर फारच दुखत असणार. ते आणखी घाईला लागले. इकडे बायकोने आईला फोन केला, "आई, काही नाही गं," एवढंच म्हणाली आणि रडू कोसळलं. "काही नाही" ऐकून कुठली आई घरात थांबेल?

रविवारी दुपारी बायको कामानिमित्त बाहेर गेल्याबरोबर फोमच्या गुंडाळ्या आल्या. हवा काढून प्लास्टिकमध्ये करकचून बांधलेल्या, बघायला अगदी गरीब! चष्मेवाल्यांनी बेडरूममध्ये सगळ्यांची प्लास्टिकं एकदम कापली. झालं! फोम जो फुगायला लागला, तो थांबेचना! एक थर कपाटावर चढला, एकाने खिडकी झाकली आणि मेमरी फोमने चष्मेवाल्यांना दाराशी नेऊन टेकवलं. कसेबसे थर रचले. मग चिकटवायचा फवारा मारला आणि थर नीट बसावा म्हणून त्यावर स्वतः बसले.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. चष्मेवाले उठले. त्यांच्याबरोबर फोमचा एक भलामोठा तुकडाही उठला. तो पँटला मागून घट्ट चिकटला होता. ओढून पाहिला, तर पँटच शिवणीतून कुरकुरली. शेवटी तसेच गेले. दारात सासू-सासरे, आणि त्यांच्या मागे, जिन्यातच त्यांना भेटलेली, लाल डोळ्यांची बायको!

"या, या! बसा!" चष्मेवाले म्हणाले आणि स्वतः भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

"बसायला नाही आलो, जावईबापू," सासरे गंभीरपणे म्हणाले. "जिन्यातच आम्हाला सगळं कळलंय."

चष्मेवाल्यांचा चेहरा पडला. "कळलं? अरेरे! मी तर तिला एकदम सांगणार होतो. सगळं पूर्ण झाल्यावर."

बायकोने हुंदका दिला. सासूबाईंनी तिचा हात धरला.

"कधीपासून होतं हे मनात?"

"गेलं वर्षभर. पण हिंमत होत नव्हती."

"वर्षभर! आणि वरून किती मऊ दिसता हो तुम्ही!"

"वरून मऊच हवं, आई. कडक काय ते सगळं खाली!"

"असं तोडून टाकणं सोपं असतं," सासऱ्यांचा आवाज चढला. "जुळवून घेण्यात खरा पुरुषार्थ!"

"तेच तर करतोय, बाबा! पण दोन्हींची उंची जुळत नाहीये. हिचं जरा वर राहतंय."

"माझं वर राहतंय?" बायको उसळली. "मी कधी कशात वरचढपणा केला? एवढ्या वर्षांत माझ्या तोंडून ब्र तरी निघाला का? आणि तुम्ही एका शब्दाने विचारलं नाही मला!"

"विचारलं की! खुर्चीवर बसवून विचारलं! तूच म्हणालीस, आधीचं बरं!"

"आधीचं म्हणजे लग्नाच्या आधीचं?" सासूबाई किंचाळल्या.

आता मात्र चष्मेवाल्यांना कळेना. ते गांगरून वळले आणि आत निघाले. त्यांच्या मागे लोंबणारा फोम पाहून सासरे "अरे, अरे!" म्हणत मागोमाग धावले. जावयाला हे काय नवीन झालं, असं त्यांना वाटलं. सगळी वरात बेडरूमच्या दाराशी येऊन थांबली.

पलंगावर गादी होती. चांगली छातीपर्यंत उंच. एका बाजूला कडक, एका बाजूला मऊ, आणि दोन्हींवर निळ्या कापडाची एकच मोठी खोळ अर्धवट ओढलेली.

बायकोची नजर त्या खोळीवर अडली.

"एकच खोळ आहे?" तिने विचारलं.

"मग? दोन कशाला?" चष्मेवाले म्हणाले. "दोन खोळी घातल्या तर मधे फट पडेल. फट पडली तर तू पलीकडेच राहशील. तुझी कंबर दुखू नये म्हणून तुझी बाजू कडक केली गं. पण झोपायचं एकत्रच ना!"

बायकोने तोंडावर पदर धरला. ती रडतेय की हसतेय हे चष्मेवाल्यांना चष्मा लावूनही कळेना. मग ती पुढे आली आणि कात्री घेऊन, पार्लरमधल्या सफाईने, त्यांच्या पँटपासून फोम हळूहळू सोडवू लागली. "हलू नका," ती म्हणाली. "माझा हात आजकाल जास्तच कापतो. फोमवालिणीला विचारा!"

सासरे खाकरले. मग विषय बदलावा म्हणून गादीला हात लावून म्हणाले, "बघू तरी झोपून." स्टूल आणलं. सासरे मऊ बाजूला चढले, सासूबाई कडक बाजूला. सासरे आत बुडाले, टॉपरवर तरंगले आणि त्यांच्या चेहऱ्यावर परमसुख पसरलं.

"जावईबापू," ते डोळे मिटून म्हणाले, "आम्हालाही एक अशीच करून द्या. मधून कापलेली! आयुष्यभर हिच्यासाठी फळीवर झोपलोय मी."

"काय?" सासूबाई ताडकन उठून बसल्या. "फळीवर? इतकी वर्षं मनात ठेवलंत? आणि आता वेगळं हवंय तुम्हाला?"

"अगं, वेगळं नाही, खोळ एकच..."

"मला नका शिकवू खोळ!"

चष्मेवाल्यांनी बायकोला खुणावलं आणि दार हळूच लोटून दोघं बाहेरच्या खोलीत आली. उरलेल्या फोमच्या तुकड्यांवर, भिंतीला टेकून, शेजारी शेजारी बसली. आतला आवाज चढला, उतरला, मग थांबला. बायकोने डोकं त्यांच्या खांद्यावर टेकवलं.

"कंबर कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"दुखतेय. पण तुम्ही हलू नका."

चष्मेवाले हलले नाहीत. इतकं बरं त्यांना त्या मेमरी फोममध्येही वाटलं नव्हतं. डोळे मिटणार, इतक्यात आतून लाकूड कापल्यासारखा आवाज सुरू झाला, आणि त्यावर सासूबाईंची खणखणीत हाक आली,

"जावईबापू! आडवे थर पुरे झाले हो! आता आमच्या दोघांच्या मधे एक उभा थर टाका! ह्यांचं घोरणं इकडे येतंय!"