दोन नंबरचा रिमोट

कपडे धुण्याचं मशीन आणायला गेलेला नवरा कपडे धुण्याचं मशीनच घेऊन परत येईल, अशी मित्सुएची साधीशी अपेक्षा होती. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ती नवऱ्याकडून अपेक्षा ठेवायची. (माणसाच्या मनाची ताकद अफाट असते ती अशी.)

नवरा म्हणजे हिसाओ कुवाबारा, नागोयाच्या पाणीपट्टी खात्यातला कारकून. घरातलं जुनं मशीन पावसाळ्यात शेवटचे आचके देऊन बंद पडलं होतं, उन्हाळी बोनस हातात आला होता, रविवार होता. हिसाओ टाय लावून निघाला. मोठ्या खरेदीला टाय लावला की दुकानदार दबकून वागतो असा त्याचा समज होता. दुकानदारांचा तसा नव्हता.

दुकानात धुलाईची मशीनं सहाव्या मजल्यावर आणि खेळणी पाचव्यावर. सरकता जिना पाचव्यावर संपायचा आणि पुढचा जिना गाठायला खेळण्यांच्या मधून जावं लागायचं. ही रचना ज्याने केली तो माणूस हुशार खरा. हिसाओ चार पावलं गेला आणि थबकला. एका टीव्हीपुढे माणसांची गर्दी होती. टीव्हीखाली एक डबा. पांढरंशुभ्र अंग, मधे गडद लाल पट्टी, दोन्ही कुशींत दोन छोटे रिमोट, आईच्या कुशीत जुळी पोरं झोपावीत तसे बसवलेले. वर कॅसेट खोचायची आणि मधला खटका पुढे सरकवला की ती टुणकन वर यायची.

"एकदा हात लावून बघा साहेब," विक्रेत्या मुलीने रिमोट त्याच्या हातात दिला.

पडद्यावर समुद्र होता. काठावर पांढऱ्या कपड्यांतली एक चिमुकली पाणबुडी बाई उभी. हिसाओने भीत भीत बटण दाबलं. बाईने पाण्यात सूर मारला.

हिसाओच्या अंगावर काटा आला. आजवर टीव्ही बोलायचा आणि तो ऐकायचा. ऑफिसात साहेब बोलायचे, तो ऐकायचा. घरी मित्सुए बोलायची, तो ऐकायचा. आज, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, पहिल्यांदाच कोणीतरी त्याचं ऐकलं होतं. उजवीकडे म्हटलं की ती उजवीकडे जात होती. शिंपला उघड म्हटलं की उघडत होती. आणि ऑक्टोपसने तिला गिळल्यावर? पुन्हा काठावर हजर! का मेलात, कोणाच्या परवानगीने मेलात, अर्ज केला होता का, काही विचारणं नाही. इतकं उदार मन त्याने सरकारी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं.

सहावा मजला त्याने त्या दिवशी पाहिलाच नाही.

"मशीन कुठंय?" मित्सुएने दार उघडून त्याच्या मागे जिन्यात पाहिलं. मागे कोणी हमाल नव्हता.

हिसाओने काखेतला खोका पुढे केला.

"हे? यात काय, एक मोजा धुतात? की दुसऱ्यासाठी वेगळं घ्यायचं?"

"हे ते नव्हे. याला फॅमिकॉम म्हणतात. टीव्हीवर खेळायचा खेळ."

"कपडे धुतं का?"

"नाही, पण..." इथे हिसाओची नजर खिडकीशी बसलेल्या सासूबाईंवर गेली आणि बुडणाऱ्याच्या हाती फळी लागावी तसं त्याला कारण सापडलं. "आईंसाठी आणलंय! डॉक्टर म्हणतात, बोटं हलती राहिली की म्हातारपणी मन ताजं राहतं."

"कोणते डॉक्टर?"

"आमच्या ऑफिसजवळचे. मोठे आहेत."

मित्सुएने खोका आत घेतला. कारण सासूबाई, म्हणजे तिची आई, हा त्या घरातला खरा नाजूक विषय होता.

शिगे सासूबाई शिमाच्या किनाऱ्यावरच्या. उभं आयुष्य समुद्रात बुड्या मारून अबालोनी शिंपले काढण्यात गेलेलं. गेल्या शरदातल्या वादळात घराचं छप्पर उडालं, तेव्हा मित्सुए त्यांना सरकारी वसाहतीतल्या या तिसऱ्या मजल्यावर घेऊन आली. तेव्हापासून त्या खिडकीशी बसून होत्या. खिडकीतून समोरची इमारत दिसायची. त्या इमारतीच्या खिडकीतून ही इमारत दिसायची. सासूबाई जेवायला "नको" म्हणायच्या आणि एरवी "मी घरी कधी जाऊ?" एवढंच विचारायच्या. नवं छप्पर तयार होतं. ओबोनच्या, म्हणजे ऑगस्टातल्या पितरांच्या सणापर्यंत आई रमली नाही, तर तिला घेऊन आपणही हिवाळाभर गावी राहायचं, असं मित्सुएने ठरवून टाकलं होतं.

"तुम्ही राहाल ना एकटे?" तिने विचारलं होतं.

"राहीन की," हिसाओ म्हणाला होता. तांदूळ कुठल्या डब्यात असतात हे त्याला माहीत नव्हतं. पण ते दोन शब्द त्याला जड गेले ते काही तांदळामुळे नव्हे.

तर त्या संध्याकाळी टीव्हीला वायरी जोडल्या गेल्या. एक नंबरच्या रिमोटवर खेळ सुरू करायचं बटण असतं. दोन नंबरच्यावर नसतं. हिसाओने सासूबाईंना आदराने गादीवर बसवलं आणि आदरानेच दोन नंबरचा रिमोट त्यांच्या हातात दिला.

"मी मेलो की तुमची पाळी, आई."

सासूबाईंनी रिमोट उलटसुलट केला. "ही बारीक जाळी कसली?" त्या पुटपुटल्या.

टीव्ही म्हणाला, "ही बारीक जाळी कसली?"

सासूबाई दचकल्या. टीव्हीकडे पाहिलं. जावयाकडे पाहिलं. त्याचं तोंड मिटलेलं होतं (नेहमीप्रमाणे).

"माईक आहे तो, आई. एक नंबरला नाही, तुमच्याच रिमोटला आहे. शेजारची पट्टी सरकवा, आवाज वाढतो."

सासूबाईंनी पट्टी पार टोकापर्यंत सरकवली. टीव्ही आधीच मोठा लावलेला होता, कारण पाण्याच्या दाबाने त्यांचे कान कधीचे अधू झाले होते. त्या जाळीपाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "अगं ए!"

"अगं ए!" टीव्ही गरजला.

पडद्यावर ती चिमुकली पांढरी बाई हिसाओच्या चुकीने खोल खोल चालली होती. श्वास संपत आल्याचा निळा पट्टा लुकलुकत होता. सासूबाई एकटक बघत राहिल्या. मग हिसाओच्या लक्षात आलं, त्यांनीही श्वास रोखून धरलाय. गाल घट्ट, डोळे बारीक. त्याने घाबरून बटणं बडवली आणि बाईला कशीबशी पाण्याबाहेर काढली. त्याच क्षणी सासूबाईंनी ओठांचा चंबू केला आणि छातीतला सगळा श्वास सोडला.

"ह्यूऽऽऽऽ!"

शीळ नव्हे, हुंकार नव्हे, दोन्हींच्या मधलं काहीतरी. पाणबुड्या बायका वर आल्या की असा श्वास टाकतात, हे हिसाओने ऐकलं होतं. पण प्रत्यक्ष कानांनी तो ऐकला कधीच नव्हता. तो आवाज माईकमधून टीव्हीत शिरला आणि कितीतरी पटींनी मोठा होऊन त्या चिमुकल्या खोलीत भरून राहिला. क्षणभर भिंती नव्हत्या, समोरची इमारत नव्हती. नुसता समुद्र होता.

मित्सुए अर्धा सोललेला मुळा घेऊन स्वयंपाकघरातून धावत आली आणि दारातच थांबली.

"आई," ती म्हणाली, "लहानपणी होडीत बसून मी हाच आवाज ऐकत बसायचे. हा आला की कळायचं, आई वर आली."

सासूबाई टीव्हीकडेच बघत होत्या. "ती पुढची बुडी मी मारते," त्या म्हणाल्या. "तो रिमोट इकडे द्या, हिसाओसान. तुमच्या हातात ती बिचारी जगायची नाही."

त्यानंतर हिसाओने एक नंबरचा रिमोट लांबूनच पाहिला. सासूबाई सकाळी भात खाऊन (दोनदा वाढून घेऊन!) समुद्रात उतरायच्या त्या दुपारीच वर यायच्या. ऑक्टोपसला नावं ठेवायच्या, शिंपल्यांना लाडाने हाका मारायच्या, आणि प्रत्येक बुडीनंतर घरभर "ह्यूऽऽ" घुमायचं. हिसाओ दोन नंबर घेऊन शेजारी बसायचा, पण सासूबाई मरतच नव्हत्या, त्यामुळे त्याची पाळी येत नव्हती. (हे वाक्य त्याने ऑफिसात जसंच्या तसं सांगितलं, तेव्हा सगळे त्याच्याकडे चमकून पाहू लागले.)

आणि कपडे? ते न्हाणीघरातल्या टबात, हाताने, हिसाओ धुवत होता. मित्सुएने तसा हुकूम काढला होता. "डॉक्टर म्हणतात ना, बोटं हलती राहायला हवीत."

अशातच ओबोनआधीचा रविवार उजाडला. वसाहतीतल्या सगळ्यांनी मिळून मैदानातलं गवत काढायचं असा त्या दिवशीचा रिवाज. विळे घेऊन मित्सुए गेली, सासूबाईही गेल्या. हिसाओने कंबर धरली. टबापाशी वाकून वाकून ती खरोखरच धरली होती, पण कोणाचा विश्वास बसला नाही.

घर रिकामं. हिसाओने टीव्ही सुरू केला. उकाडा एवढा होता की बाल्कनीचं दार आणि खिडक्या सताड उघड्या होत्या. एक नंबर उचलावा म्हणून त्याने हात पुढे केला, पण सासूबाईंचा खेळ अर्ध्यावर थांबवून ठेवलेला होता. त्याला हात लावायची त्याची छाती झाली नाही. म्हणून सवयीने त्याने दोन नंबर उचलला. जाळी तोंडापाशी होती. पट्टी टोकाला होती.

"अहम्," हिसाओ म्हणाला.

"अहम्!" टीव्ही म्हणाला, घोगऱ्या, भारदस्त, मंत्र्याला शोभेल अशा आवाजात.

हिसाओ स्तिमित झाला. आपण आतून असे आहोत? इतकी वर्षं हा माणूस होता कुठे? तो उठून उभा राहिला. टाय नव्हता, नुसता बनियन होता, तरी त्याने गळ्यापाशी हात फिरवला.

"ऐका!" तो म्हणाला. "आज मी बोलणार आहे! हे यंत्र मी सासूबाईंसाठी आणलं नाही! माझ्यासाठी आणलं! आणि डॉक्टर? कसला डॉक्टर! त्या डॉक्टरचा जन्मच झालेला नाही!"

टीव्हीने हे सगळं अशा थाटात सांगितलं की हिसाओला चेव आला.

"मी गेले कित्येक दिवस कपडे धुतोय! माझे हात उकडलेल्या कोळंबीसारखे झालेत! ऑफिसात मला कोणी विचारत नाही, घरात माझी पाळी येत नाही! पण..." इथे त्याचा आवाज अचानक चिरकला, आणि टीव्हीचाही चिरकला. "पण सासूबाईंनी तो श्वास सोडला ना, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी कांद्याचं नाव सांगितलं. घरात तेव्हा मुळा होता! बायको म्हणते, आईला घेऊन हिवाळाभर गावी जाते. मी म्हणालो, जा. खोटं बोललो! जाऊ नकोस गं! दोघीही जाऊ नका! मला त्यांनी एक नंबर कधीही देऊ नये, चालेल. मी जन्मभर दोन नंबर धरून बसेन. पण शेजारी कोणीतरी असू दे!"

बोलून संपल्यावर त्याला फार हलकं वाटलं. आणि मग त्याच्या लक्षात आलं, बाहेर अगदी शांत आहे. मघापासून येणारा विळ्यांचा खसखस आवाज थांबला होता.

त्याने बाल्कनीच्या कठड्यावरून डोळ्यांपुरतं डोकं वर काढलं. खाली अख्खी वसाहत माना वर करून उभी होती. फक्त दोन बायका खाली वाकून, कोणाकडे न बघता, प्रचंड वेगाने गवत कापत होत्या.

हिसाओने खिडक्या लावल्या, दारं लावली, टीव्ही बंद केला आणि टबात कपडे नसतानाही तो टबापाशी जाऊन बसला.

दोघी वर आल्या. मित्सुएचे डोळे लाल होते. गवताची धूळ गेली असेल. सासूबाई न्हाणीघराच्या दारात उभ्या राहिल्या.

"आई, ते डॉक्टरचं..." हिसाओ कसाबसा म्हणाला.

"मला पहिल्या दिवशीच ठाऊक होतं."

"कसं काय?"

"माझ्यासाठी आणलेल्या वस्तूतला दोन नंबर कोणी माझ्याच हातात दिला असता का?" त्या भिंतीला टेकून सावकाश खाली बसल्या. "मित्सुए विचारत होती, गावी कधी निघायचं. मी म्हटलं, इतक्यात नको. माझी बुडी अर्ध्यावर आहे. आणि बुडी मारणाऱ्याची दोरी होडीत कोणीतरी धरून बसावं लागतं. धरणारा फार हुशार नसला तरी चालतो. जागा सोडून जात नाही ना, तेवढं बघायचं."

हिसाओने टबातल्या नुसत्या पाण्यात बघून मान हलवली. त्याला बोलता येईना, आणि जवळ माईकही नव्हता.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरच्या नोनोगाकीबाई, वसाहतीच्या मंडळाच्या अध्यक्ष, हातात विळा तसाच. आता सगळ्या वसाहतीसमोर माफी मागावी लागणार, या तयारीने तो दारात येऊन कमरेत वाकला.

"कुवाबारासान," नोनोगाकीबाई पदराआड ठेवल्यासारख्या हळू आवाजात म्हणाल्या, "मघाशी तुमच्या टीव्हीवर ते नाटक लागलं होतं ना, ते कुठल्या चॅनेलला? आम्ही सगळ्यांनी घरी जाऊन शोधलं, कुठेच सापडेना. कथा फार छान हो. सासूचं ऐकून मला तर रडूच आलं."

हिसाओ वाकलेला तसाच राहिला. वर येणं धोक्याचं होतं.

"फक्त एक," बाई पुढे म्हणाल्या, "तो नवऱ्याचं काम करणारा अगदीच सुमार. इतका बावळट माणूस खरा वाटतच नाही. जरा बरा कोणी बघायला नको होता का त्यांनी?"

"बघितला होता की," आतून सासूबाई टीव्ही पुन्हा लावत म्हणाल्या. "चांगला बँकेतला होता. पण त्याने नकार कळवला."