शेवटपर्यंत पांढरं

परसातलं पांढरं वांगं अखेर पूर्ण पिवळं पडलं, आणि स्पृहाने अशी किंकाळी फोडली की स्वयंपाकघरात पद्मजाबाईंच्या हातून चहाची गाळणी सुटली.

"काय गो? साप निघाला काय?"

"पिवळं पडलं, आई! देठापासून टोकापर्यंत पिवळंधमक!"

"मग रडायचं सोडून नाचतेस काय? मामा आज रोह्याहून पांढरं वांगं बघायला यायचाय, नि हिचं पडलं पिवळं."

"अगं, म्हणूनच तर!"

पांढरं असतं तोवर ते खायचं वांगं. पिवळं पडलं की बियाण्याचं. आत बी भरल्याची ती खूण. वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या स्पृहाला हे पाठ होतं, पण पुस्तकातलं वाक्य आपल्या परसात खरं होताना बघण्याची मजा वेगळीच. हे वाण एके काळी तिच्या आजोळी, रोह्यात, घरोघर असायचं. मग कधी कुणाच्या लक्षातही न येता ते संपलं. विष्णुमामांना देवघराच्या कपाटात एका डब्याच्या तळाशी चिमूटभर बी सापडलं. ते त्यांनी भाचीकडे पेणला धाडलं. त्यातलं एकच उगवलं.

शेजारी पद्मजाबाईंची जांभळी वांगी होती. मधमाश्या इकडचे पराग तिकडे नेणार, म्हणजे बी मिश्र होणार. म्हणून स्पृहाने एका कळीला मलमलची छोटी पिशवी बांधली. "कळीला लंगोट घातलाय आमच्या बाईने," असं पद्मजाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. फळ धरल्यावर पिशवी काढून स्पृहाने देठाला लाल दोरा बांधला. आता झाडाने मान टाकायला सुरुवात केली होती आणि नवं फूल येण्याची आशा नव्हती. अस्सल बी होतं ते या एका फळात.

"लाल दोऱ्याला कुणी हात लावायचा नाही," शिफ्टला निघताना स्पृहाने बजावलं. "बाकीची तीन पांढरी आहेत, त्यांचं भरीत कर. मी अर्धी रजा टाकून येतेच."

आज चंपाषष्ठी. या घरात आषाढीपासून वांगं वर्ज्य असायचं, ते आज खंडोबाला भरिताचा नैवेद्य दाखवून सुटायचं. आणि विष्णुमामांना नैवेद्याला रोह्याचं पांढरं वांगंच हवं होतं.

अडचण एकच होती. मामा शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, आणि त्यांचं एक ठाम मत होतं. काल संध्याकाळी फोन स्पीकरवर असताना ते त्यांनी पुन्हा ऐकवलं होतं.

"आमचं अस्सल वांगं शेवटपर्यंत पांढरं राहायचं! बियाण्याला ठेवलं तरी पांढरं. मी लहानपणी या डोळ्यांनी बघितलंय. पिवळं पडलं तर समज, भेसळ!"

"मामा, पांढरी वांगी पिकली की पिवळीच होतात."

"पुस्तकातली होत असतील. रोह्याची नाही होत. भेसळीचं बी मी रोह्यात नेणार नाही, सांगून ठेवतो."

हे संभाषण कुंपणापलीकडे हरेशने ऐकलं. हरेश मूळचा हमरापूरचा, गणपती रंगवणारा. पेणच्या रामवाडीत पद्मजाबाईंच्या शेजारी त्याची शेड होती आणि सध्या माघी गणपतींचं काम जोरात होतं. चातुर्मासभर पद्मजाबाईंच्या परसातली सगळी वांगी त्याच्याच घरी गेली होती. त्या वांग्यांचं ओझं त्याच्या मनावर होतं.

स्पृहा गेल्यावर हरेश पाण्याची बादली भरायला कुंपणाशी आला. त्याला ते पिवळं वांगं दिसलं आणि तो हळहळला. त्याच्या धंद्यात पिवळं पडणं म्हणजे घात. पांढऱ्या सोवळ्यावर पिवळट झाक आली की मूर्ती दुकानातून परत येते. पण त्यावर उपायही असतो.

"पोरीची लाज जायची आज," तो स्वतःशीच म्हणाला आणि रंग कालवायला बसला.

काम त्याने मन लावून केलं. वांग्याच्या तुकतुकीत सालीवर रंग धरत नाही, म्हणून आधी डिंकाचा पातळ हात दिला. दोरा मध्ये येत होता, तो सोडला. मग स्प्रेगनने पांढऱ्याचे दोन हात मारले, वर किंचित मोतिया झाक. झाडावरची खरी पांढरी वांगी त्यापुढे मळकी दिसू लागली. रंग ओला होता, म्हणून सुटा दोरा त्याने तात्पुरता शेजारच्या कोवळ्या वांग्याला बांधला. सुकलं की परत जागेवर बांधू, असा विचार करून तो शेडमध्ये गेला, आणि एका गणपतीच्या डोळ्यांची आखणी करता करता दोरा विसरला.

दुपारी विष्णुमामा आले ते चपला न काढता थेट परसात.

"पद्मे! अगो, बाहेर ये! हे बघ!"

पद्मजाबाई ओल्या हातांनी धावल्या. मामा झाडापुढे हात जोडून उभे होते.

"बघ कसं आहे! शंख! अगदी शंख! आजोबांच्या वेळचं हेच वांगं. आणि तुझी लेक मला सांगते, पिवळं होतं म्हणून!"

"सकाळी काहीतरी पिवळं पिवळं ओरडत होती खरी," पद्मजाबाई म्हणाल्या. "पण दादा, लाल दोरा असलेलं तोडू नकोस हं. ते बियाण्याचं."

"दोरा तर त्या बारक्याला आहे." मामांनी शंखासारखं वांगं देठासकट तोडलं. "हे खंडोबाला."

पद्मजाबाईंनी पाहिलं. दोरा शाबूत होता, दोऱ्याचं वांगं झाडावर होतं. त्या निश्चिंत झाल्या. मामांनी वांगं हातात धरून त्यांच्याकडून फोटो काढून घेतला आणि रोह्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'अस्सल वाण पुन्हा मिळाले. शेवटपर्यंत पांढरे!' मग तोच फोटो भाचीला पाठवला.

स्पृहा तेव्हा कंपनीच्या बसमध्ये, वडखळच्या वाहतुकीत अडकली होती. फोटो उघडून आधी ती खूश झाली. मग तिने तो मोठा करून पाहिला. वांग्याचं टोक डावीकडे वाकलेलं होतं. देठाच्या टोपीचा एक काटा तुटलेला होता. हे फळ ती रोज बघत होती. पण तिचं फळ पिवळं होतं, आणि पिवळं वांगं परत पांढरं होत नाही. निसर्गात नाही, प्रयोगशाळेत नाही, रोह्यातसुद्धा नाही. मग हे पांढरं कशाने झालं? पेणमध्ये या प्रश्नाला एकच उत्तर होतं.

आईने फोन उचलला नाही. मामांनीही नाही. तिसरा फोन हरेशला लागला.

"हरेशदादा, माझं वांगं रंगवलंस?"

"कळलं तुला?" हरेशचा आवाज पडला. "कुठं पॅच दिसतोय काय?"

"अरे, त्यात माझं सगळं बी आहे! मामांनी ते भरीत करायला तोडलंय!"

"आं? पन दोरा तर..." हरेशला दोरा आठवला. "अगो बाय माझे!"

"उडी मार! कुंपणावरून उडी मार!"

स्पृहाही बसमधून उतरली आणि रस्त्याच्या कडेने वाट काढणाऱ्या एका रिक्षात चढली. "रामवाडी! लवकर! वांगं भाजतायत!" रिक्षावाल्याने आरशातून एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता रिक्षा दामटली.

इकडे गॅस पेटला होता. मामा सोवळं नेसून ओट्याशी उभे होते आणि भाजण्याआधी वांग्याला तेल लावायला त्यांनी वाटीत बोटं बुडवली होती. तेवढ्यात मागच्या दाराने हरेश आत आला. एका हातात स्प्रेगन, केसांत सोनेरी रंग, पायांत अडकलेली कुंपणाची काटेरी वेल.

"मामा, थांबा! भाजू नका!"

"का रे?"

खरं सांगितलं तर स्पृहाची लाज जाणार, न सांगावं तर वांगं जाणार. हरेशची नजर भिरभिरली.

"मला... मला पायजे ते वांगं. उंदरासाठी."

"उंदराला वांगं?" पद्मजाबाई म्हणाल्या. "आमच्या घरात आधीच कमी आहेत काय?"

"तसा नाय, काकी. गणपतीचा उंदीर. साचा काढायचाय. हे बघा ना, पोट कसा गोल हाय, नि टोकाला तोंड वाकडा. यंदा पांढऱ्या उंदराला लय मागणी हाय."

मामांचा चेहरा उजळला. "म्हणजे रोह्याच्या वांग्यावरून पेणचा उंदीर? ऐकलंस, पद्मे?" आणि अभिमानाने बोलता बोलता ते वांग्यावर तेलाचा अंगठा फिरवू लागले. "साचा खुशाल काढ. पण आकार टिपून घ्यायला वेळ किती? मग भाजू. एकच बजावतो, उंदराखाली रोह्याचं नाव..."

अंगठा थांबला. वांग्यावर रुपयाएवढी खिडकी उघडली होती, आणि तिच्यातून पिवळं धमक ऊन पडावं तशी साल दिसत होती. अंगठा पांढरा झाला होता.

त्याच क्षणी पुढच्या दारातून स्पृहा आत आली आणि तिने आधी गॅस बंद केला.

"हे काय आहे?" मामांनी विचारलं.

"डिस्टेंपर," हरेश खाली मान घालून म्हणाला. "पिवळा पडलेला. म्हटलं, पोरीला बोल लागायला नको."

"म्हणजे भेसळच!"

"नाही, मामा." स्पृहाला धाप लागली होती, पण ती मागे हटली नाही. "कळी उमलायच्या आधी मी पिशवी बांधली होती. तिच्यात मधमाशी गेली नाही, मुंगी गेली नाही. आत आलंय ते तुम्ही दिलेल्या बियांचंच. ते पिवळं झालं, कारण ते पिकलं. आता कापून बघा."

तिने सुरी पुढे केली. मामांनी रागाने घेतली, पण कापलं ते हलक्या हाताने. आत गर थोडा, आणि बीच बी. टपोरं, चपटं, सोनेरी तपकिरी. स्पृहाच्या तोंडून पुन्हा सकाळचीच किंकाळी निघाली. हरेशनेही तिच्याबरोबर ओरडून घेतलं.

मामा मात्र बियांकडे बघत नव्हते. ते आपल्या अंगठ्याकडे बघत होते. त्यांनी तो नाकाशी नेला, दुसऱ्या बोटावर घासला.

"पद्मे," ते हळूच म्हणाले, "आजोबांची बोटं आठवतात तुला?"

"आठवतात की. कायम पांढरी. चुन्याची."

"कसल्या चुन्याची?"

"पानाच्या. दुसरा कसला असणार?"

"आजोबा पान खायचे?"

"त्यांना दात कुठं होते?" पद्मजाबाई म्हणाल्या.

कुठल्यातरी घरी तळी उचलत होते. तिकडून येळकोट ऐकू आला.

"परसात वानरं यायची," मामा म्हणाले. "काही पिवळं दिसलं की तोडायची. केळं नाही, पपई नाही, काही ठेवायची नाहीत. पण बियाण्याचं वांगं कधी गेलं नाही." त्यांनी हरेशकडे पाहिलं. "मला पोराला वाटायचं, ते मुळातच पांढरं असतं. मी तेच आयुष्यभर सांगितलं. शाळेतसुद्धा."

स्पृहाला खूप हसू येत होतं. पण तिने फक्त बिया पाण्याच्या वाटीत सोडल्या. भरलेल्या बिया तळाशी बसल्या, आणि त्या बघायला चौघांची डोकी एकत्र वाकली. बाकीच्या तीन पांढऱ्या वांग्यांचं भरीत झालं, नैवेद्य दाखवून झाला. हरेशला आग्रहाने जेवायला बसवलं. त्याने सांगितलं की चातुर्मासात तो रोज वांगी खातच होता, पण त्याच्या पानात भरीत पडलंच.

संध्याकाळी कागदावर पसरलेल्या बियांचे स्पृहाने दोन भाग केले, एक पेणचा, एक रोह्याचा. मामांचा फोन दुपारपासून सारखा वाजत होता. दुपारच्या फोटोवर रोह्याहून शाबासक्या येत होत्या. पुढच्या वर्षी हे शेवटपर्यंत पांढरं राहणारं वांगं बघायला कोण कोण येणार, त्याची नावंही जमू लागली होती.

"मामा, आता ग्रुपवर खरं लिहा," स्पृहा म्हणाली.

"लिहितो ना. सवडीने." मामांनी बियांची पुडी खिशात जपून ठेवली. मग दारापर्यंत जाऊन ते परत फिरले आणि कुंपणाशी गेले.

"हरेश, त्या रंगाची एक लहान डबी दे बघू."

"ती कशाला, मामा?"

"वानरांसाठी रे," मामा म्हणाले. मग इकडेतिकडे बघत त्यांनी आवाज खाली आणला. "आणि हे बघ, डिंकाचा तो पहिला हात कसा देतात, तेवढं दाखवून ठेव. आजोबांचा चुना एका पावसात जायचा."