नवी डिस्क थरथरत नाही

शेजारच्या हिलालअप्पांनी प्लग ओढला तेव्हा मी त्यांच्याच घरात बसून पापडीच्या शेंगा सोलत होते.

"अप्पा, हात नका लावू," असं मी म्हणाले होते. पण हिलालअप्पांना ऐकू येत नाही, आणि ज्याला ऐकू येत नाही त्याला मागून सांगून उपयोग नसतो. कॉम्प्युटर काळा पडला. कॉम्प्युटरचं दुकान असलेला जिग्नेशभाई गॅलरीत मोबाइलवर बोलत होता. तो पोट सावरत आत पळाला, प्लग परत लावला, बटण दाबलं. टक, टक, टक असा आवाज आला. त्यापुढे काही नाही. अप्पांची मुलगी रेखा चहाचे कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली होती. ती कप हातात धरून तिथेच उभी राहिली.

"काका, आ शुं कर्युं? काय केलं हे?" जिग्नेशभाई म्हणाला.

अप्पा लोकांच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखतात. ते शांतपणे म्हणाले, "नवी मरेल शे. जुनी एकटी वढी राह्यनी व्हती."

अप्पा धुळ्याकडचे. मी जालन्याकडची, पण सुरतेच्या या डिंडोलीत इतकी वर्षं काढल्यावर अहिराणी कळायला शिकावं लागत नाही. नवी मेलेली आहे आणि जुनी बिचारी एकटी ओढत होती, असं त्यांचं म्हणणं.

जुनी म्हणजे कॉम्प्युटरमधली जुनी हार्ड डिस्क. नवी म्हणजे जिग्नेशभाईने आणलेली एसएसडी. जुनीतलं सगळं नवीत उतरवायचं काम चाललं होतं. रेखा घरी बसून साड्यांच्या भरतकामाची डिझाइनं बनवते, ती मशीनवर जातात. आजवर केलेली तिची सगळी डिझाइनं त्या जुनीत होती आणि दुसरीकडे कुठेही नव्हती. टक टक त्या जुनीतूनच येत होती.

अप्पांनी असं का केलं हे कळायला आधी त्यांचा हात माहीत पाहिजे.

अप्पा आयुष्यभर लूमचे मिस्त्री होते. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. खात्यात इतका आवाज असतो की माणूस शेजारच्याला हाकसुद्धा मारत नाही, हातवारे करतो. मशीन बिघडलंय का हे कानाने कळत नाही, म्हणून अप्पा मशीनवर पंजा ठेवायचे. पंजा ठेवला की सांगायचे, "चालू शे," नाहीतर "बंद शे," नाहीतर "बंद व्हई." बंद होणार म्हणाले म्हणजे व्हायचंच. माझा नवरा त्याच खात्यात होता. तो म्हणायचा, शेठ एकवेळ देवाचं ऐकणार नाही पण हिलालच्या हाताचं ऐकेल.

कान गेले, खातं सुटलं, पण पंजा राहिला. आता तो बाहेर मोकळा फिरतो. माझ्या घरात आले की आधी फ्रिजवर पंजा, मग बसायचं. "वहिनी, हिला दम लागतो." माझा फ्रिज म्हणजे कुणी म्हातारी असल्यासारखा. गल्लीत लग्न होतं तेव्हा नवरदेवाला आहेर द्यायच्या आधी डीजेच्या खोक्यावर पंजा ठेवून आले आणि मला खुणेने सांगितलं, चांगलं चाललंय. डॉक्टरांनी त्यांच्या छातीला नळी लावली तर म्हणाले, हाताने बघा ना, नळीत काय कळतं. मुलीने कानाचं मशीन आणून दिलं होतं. चार दिवस घातलं आणि डब्यात ठेवलं. त्याच्यात आवाज येतो पण थरथर येत नाही, अशी तक्रार.

समोरच्या माणसाने बॅटरीवर चालणारी स्कूटर घेतली. अप्पांनी सीटवर पंजा ठेवला आणि सांगितलं, "बंद शे." तो माणूस त्यांच्या देखत बसून निघून गेला. अप्पा म्हणाले, उतार होता म्हणून गेली. आमच्या डिंडोलीत उतार नाही. जमीन पोळपाटासारखी आहे.

माझा नवरा गेला तेव्हा घरात गोंधळ होता. कोणी म्हणे डॉक्टरला बोलवा, कोणी म्हणे भेस्तानला मोठा दवाखाना आहे तिकडे न्या. अप्पा आले, छातीवर पंजा ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि म्हणाले, "वहिनी, बंद पडना." त्यानंतर कोणी वाद घातला नाही. मीपण नाही. लोकांना ते बोलणं रानटी वाटलं. मला बरं वाटलं. बाकीचे सगळे मला सांगत होते की ते देवाघरी गेले, वैकुंठाला गेले, आणि कुठे गेले हे कोणालाच नक्की माहीत नव्हतं.

तर असा माणूस, आणि त्याच्या घरात एसएसडी आली.

त्याच्या आधी रेखाचा कॉम्प्युटर फार मंद होता. सकाळी चालू करून ती कणीक मळायला बसायची. पोळ्या होत आल्या की तो उघडायचा. मग डिझाइन उघडायला सांगायची आणि कपडे वाळत घालून यायची. जिग्नेशभाईने मला समजावलं होतं. जुनीत एक चकती फिरते, तिच्यावर सुईसारखी दांडी पुढेमागे पळत वस्तू शोधते. नवीत काही फिरत नाही, पळत नाही, मोबाइलच्या कार्डासारखं असतं, मागितलं की लगेच हातात. मला लगेच पटलं. मला डाळीचा डबा शोधायला माळ्यावर चढावं लागत नाही, समोर फळीवर असतो, तसंच ते.

अप्पांना पटलं नाही. जी जागची हलत नाही ती काम काय करणार, असं ते म्हणाले. खात्यात असे दोघे होते, दोघांना शेठने काढलं. रेखा म्हणाली, अप्पा, ही माणसं नाहीत. अप्पा म्हणाले, तेच सांगतोय, माणूस निदान डबा खाताना तरी हलतो.

पण शेवटी जिग्नेशभाईला बोलवायला अप्पा स्वतःच गेले. रेखाला काम देणाऱ्या साड्यांच्या व्यापाऱ्याने तिला बजावलं होतं की काम वेळेवर होत नसेल तर मार्केटातल्या ऑफिसात येऊन बसा, आमचे कॉम्प्युटर फास्ट आहेत. म्हणजे सकाळी जायचं आणि अंधार पडल्यावर यायचं. रेखा सासरहून कायमची परत आलेली आहे. त्याबद्दल मी लिहिणार नाही, तिचं तिने निस्तरलं. घरात ती आणि अप्पा दोघंच. व्यापाऱ्याचं बोलणं तिने सांगितलं तसे अप्पा उठले. चपला घातल्या आणि जिग्नेशभाईच्या दुकानात जाऊन बसले.

आणि मग त्या दिवशी दोन्ही डिस्का टेबलावर शेजारी शेजारी, वायरी जोडलेल्या. जिग्नेशभाई म्हणाला तास दीड तास लागेल, आणि फोन घेऊन बाहेर गेला. रेखा चहाला गेली. अप्पा उठले. एक पंजा जुनीवर, एक पंजा नवीवर. जुनी तापलेली, थरथरत होती. नवी गार आणि मुकाट. अप्पांनी मान हलवली. खात्यात एका मशीनवर दोघांचा भार पडला की ते जळतं. तिथे तेव्हा एकच करायचं असतं, आधी करंट तोडायचा. त्यांनी तोडला.

आता जिग्नेशभाईने पेचकस काढला होता. रेखा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि अप्पांकडे पाठ करून हळू म्हणाली, "काकू, हे गेलं ना, तर मी उद्यापासून मार्केटात."

तिने पाठ केली होती म्हणून अप्पांना ओठ दिसले नाहीत. पण त्यांनी जुनीवर पंजा ठेवला. खाली टक टक चालू होती. त्यांनी हात तव्यावरून काढावा तसा काढला आणि पलंगावर जाऊन बसले. त्या हाताकडे बघत बसले. मी त्यांना इतक्या वर्षांत असं बसलेलं बघितलं नव्हतं.

जिग्नेशभाईने वायरी एकेक चाचपल्या आणि हसायला लागला. अप्पांनी प्लग ओढला तेव्हा वायर टेबलाच्या पायात अडकून जुनीकडची एक जोडणी अर्धी सुटली होती. डिस्कला पुरता करंटच मिळत नव्हता. त्याने ती दाबून बसवली. टकटक थांबली, घरघर सुरू झाली. रेखाने तेव्हा कप खाली ठेवले. चहा गार झाला होता. ते तिन्ही कप जिग्नेशभाईने प्यायले, आणि मला वाटतं ते त्याचे हक्काचे होते.

काम पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी अप्पांना पापडीच्या टोपलीसकट गॅलरीत नेलं आणि दारात स्वतः बसले. त्यांनी दाण्यांबरोबर अळ्याही भांड्यात टाकल्या. त्या मी मागून वेचून काढल्या.

नवी डिस्क बसली. कॉम्प्युटर आता बटण दाबलं की उघडतो. रेखाला कणीक मळायला वेळ उरत नाही, ती आता आधीच मळून ठेवते. व्यापारी खूश आहे, ऑफिसाचं नाव काढत नाही. इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती.

पण अप्पांचं काहीतरी बिनसलं. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्याकडे आले, फ्रिजवर पंजा न ठेवता विचारलं, "रेखा कुठे गई?" मी म्हटलं घरात असेल, काम करत असेल. गेले. थोड्या वेळाने परत आले. "रेखा शे ना घरमा?" मी चिडले. म्हटलं, अप्पा, तुमच्या घरात कोण आहे ते मला काय विचारता, आत डोकावून बघा. तर म्हणाले, सारखं डोकावलं की ती रागावते, तिचे फोन चालू असतात.

मग मी स्वतःच जाऊन बघितलं. त्यांच्या खोलीत मध्ये प्लायचं पार्टिशन आहे. पलीकडे रेखा, अलीकडे अप्पांचा पलंग. पार्टिशन जमिनीपर्यंत नाही, आणि खाली एक लांब पत्र्याची पेटी आहे, अर्धी तिच्याकडे, अर्धी यांच्याकडे. तिच्याकडच्या अर्ध्या पेटीवर कॉम्प्युटरचा डबा असतो. अप्पा दुपारी पडतात तेव्हा त्यांचा हात अलीकडच्या अर्ध्या पेटीवर असतो. हे मी कैक वेळा बघितलं होतं. मला वाटायचं, आत बायकोचे दागिने असतील.

मी पेटीवर हात ठेवला. डब्यातल्या पंख्याची बारीक थरथर लागली, एकसारखी. अप्पा म्हणाले, पंखा तर कोणी नसलं तरी फिरतो. आधी कसं, ती काम करायला लागली की घरघर, थांबली की बंद, परत घरघर. आता काहीच कळत नाही.

त्यांची बायको गेली तेव्हा अप्पा पलीकडच्या खोलीत झोपलेले होते. रात्रपाळी करून आले होते, भर दुपार होती. ती स्वयंपाकघरात पडली. तिने हाक मारली असेल. संध्याकाळी ते चहा मागायला उठले तेव्हा कळलं. ही गोष्ट गल्लीत सगळ्यांना माहीत आहे आणि अप्पांनी कोणालाही सांगितलेली नाही.

मी रेखाला गाठून जे बघितलं ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं, रडली वगैरे नाही, ती रडणाऱ्यातली नाही. दुसऱ्या दिवशी जिग्नेशभाईला बोलावलं आणि जुनी डिस्क नवीच्या जोडीला डब्यात परत बसवायला सांगितली. काम नवीवर होतं, पण त्याची एक प्रत जुनीवर जाते. जिग्नेशभाई म्हणाला बरोबर आहे, सगळं एकाच जागी ठेवू नये. रेखाने अप्पांनाही तेवढंच सांगितलं. प्रत दिवसातून एकदा काढली तरी चालते, असं जिग्नेशभाई म्हणाला होता. रेखा पाणी प्यायला उठली तरी आल्यावर एकदा काढते.

अप्पा आता दुपारी माझ्याकडे येत नाहीत. आले तर फ्रिजसाठी येतात. कालच म्हणाले, "बंद व्हई." तो बंद होणार हे मी धरून चालले आहे.

नवी डिस्क चालू आहे. जुनी चालू आहे. अप्पांचा हात मी काल धरून बघितला, तेही चालू आहेत.